हेल्वीच्या नळाला वास येतो

"नळाचा वास बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो रे?"

टाउनो आरशासमोर उभा राहून उरल्यासुरल्या केसांवरून ओला कंगवा फिरवत होता. वय वर्षं सत्तर. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, तोही मीच रविवारी इस्त्री केलेला. पायाशी हत्यारांची पेटी.

"दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे माणसाने जरा नीट जावं," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्याच घरी जात होतास. तेलकट डगला घालून. तेव्हा कुणी हाकललं नाही ते."

"तेव्हा विहिरीतले पंप उपसायचो. आता नुसता नळ बघायचाय."

"आज बारावी खेप आहे, टाउनो. बारा वेळा तर डॉक्टरसुद्धा बघत नाही."

"चिवट वास आहे," एवढंच बोलून त्याने कानटोपी ओढली, पेटी उचलली आणि निघाला.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हेल्वीचं पिवळं घर दिसतं. मध्ये फक्त लहानसं तळं आणि त्याला वळसा घालून जाणारा रस्ता. ही खिडकी इथे ज्याने बसवली त्याचा मला आताशा राग येतो. टाउनोनेच बसवली होती. मार्च अर्धा झाला होता, सकाळी रस्त्यावर काचेसारखा बर्फ असायचा, आणि गुडघे दुखतात म्हणून सरपण आणायचं टाळणारा माझा नवरा त्या बर्फावरून तुरुतुरु चालला होता. तो पिवळ्या घराच्या पायऱ्या चढेपर्यंत मी भांडं विसळत उभी राहिले. तेच भांडं.

गरम पाण्याचा नळ सोडला की आमच्या घरात सडक्या अंड्यांचा वास पसरतो. त्या वासात उभी राहून मी हेल्वीच्या नळाचा विचार करत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हेल्वी आमच्याच गावची. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. नर्स होऊन शहरात गेली, तिकडेच लग्न केलं, आणि नवरा वारल्यावर दोन वर्षांपूर्वी आईबापांच्या घरात परत राहायला आली. माझ्याच वयाची. पण पाठ ताठ, केस पांढरे असले तरी दाट, आणि ओठांना रोज लाली. आमच्या गावात बायका ओठांना लाली लावतात ती लग्नाला आणि मयताला. ही पोस्टाच्या पेटीपर्यंत जायलाही लावते.

तिचं-माझं भांडण कधीच नव्हतं. मध्ये फक्त एक उन्हाळा होता. तळ्याकाठी नाचाचा मांडव असायचा, आणि त्या उन्हाळ्यात टाउनो सलग पाच शनिवार हेल्वीबरोबर नाचला. सहाव्या शनिवारी ती शहरात निघून गेली होती, आणि त्याने मला नाचायला विचारलं. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. दोन मुली झाल्या, त्यांच्या मुली झाल्या, मी गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला, शाळा बंद पडली, टाउनोने पंपाचं दुकान बंद केलं. सगळं झालं. पण सहावा शनिवार तो सहावाच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचा फोन आला. गरम पाण्याला घाण वास येतोय, टाउनोला पाठवतेस का? मीच पाठवलं. नाही कसं म्हणणार? अख्ख्या पंचक्रोशीत पाण्याला वास आला की लोक टाउनोला बोलवायचे. पेला नाकाशी धरून तो सांगायचा, हा लोखंडाचा, हा दलदलीचा, हा नुसता मोरीचा. एकदा एका घरी कॉफीला बसला असताना कप तोंडाला न लावताच खाली ठेवला आणि म्हणाला, "विहिरीत उंदीर आहे." घरच्या बाईला राग आला. संध्याकाळी उंदीर निघाला. अजून लोक तो किस्सा सांगतात.

आणि त्याची एक पद्धत होती. नळापाशी उभं राहून वास घ्यायचा नाही. पेला भरायचा, बाहेर उंबऱ्यावर न्यायचा आणि तिथे नाक लावायचं. "मोरीपाशी नाक फसतं," तो म्हणायचा. "पाण्याला मोरीपासून लांब न्या, मग ते खरं बोलतं."

असा हा माणूस. पण आमच्या स्वतःच्या गरम पाण्याला गेल्या पानगळीपासून वास येत होता, आणि मी चार वेळा सांगितलं तरी त्याने टाकीला हात लावला नाही.

"टाउनो, भांडी घासताना मला उलटी यायची पाळी येते. बघ ना जरा."

त्याने पेला भरला, उंबऱ्यावर नेला, डोळे मिटले, सगळं अगदी रीतीने केलं. मग म्हणाला, "काही नाहीये. तुझंच नाक फार शहाणं झालंय."

माझं नाक शहाणं आणि हेल्वीचं नाक खरं! तिच्या नळासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, वेळ ठरल्यासारखा. परत आला की मी विचारायची, "गेला का वास?" तो म्हणायचा, "अजून थोडा आहे." आणि मुकाट्याने पेपर उघडायचा.

बहिणीला फोन केला तर ती आधी पोट धरून हसली.

"राइली, काळे मोजे चढवलेस वाटतं!"

आमच्याकडे नवराबायकोतल्या मत्सराला काळे मोजे म्हणतात. का ते कुणालाच ठाऊक नाही, पण ज्याच्या पायात ते चढले त्याला बरोबर चावतात.

"इर्या, हसू नकोस. तो इस्त्रीचा शर्ट घालतो."

"अगं, सत्तर वर्षांचा आहे तो. गुडघे कुरकुरतात त्याचे. काय करणार आहे तिथे?"

"कॉफी पीत असेल."

"मग पिऊ दे की!"

"माझ्या हातची पितो ना घरात, ती काय विहिरीत ओततो?"

"अगं, आई काय म्हणायची? मत्सर पाण्यातले मासेसुद्धा पळवतो."

मासे कधीच गेले होते. माझ्या वाट्याला वास तेवढा उरला होता. मी फोन ठेवला.

मग मी एक गोष्ट केली जी सांगायला लाज वाटते. टाउनोची परीक्षा घेतली. शनिवारी पुल्ला केला. पुल्ला म्हणजे आमचा कॉफीबरोबरचा गोड पाव, आणि त्यात भरडलेला वेलदोडा नसेल तर त्याला पुल्ला म्हणतच नाहीत. एकतीस वर्षं शाळेतली पोरं वर्गात बसल्या बसल्या सांगायची, आज राइलीकाकूंनी पुल्ला केलाय, इतका तो वेलदोडा दरवळायचा. त्या शनिवारी मी वेलदोडा मुद्दाम घातलाच नाही. मनात म्हटलं, ज्याचं मन घरात आहे त्याला पहिल्या घासाला कळेल.

टाउनोने दोन तुकडे खाल्ले. बोटांना लागलेली साखर चाटली.

"कसा झालाय?"

"नेहमीसारखा. झकास."

अठ्ठेचाळीस वर्षं खाल्लेला पाव, आणि त्यातला वेलदोडा गेला तरी ह्याला पत्ता नाही. म्हणजे माणूस इथे बसलाय आणि जीव तळ्यापलीकडे आहे. मी उरलेला पाव पक्ष्यांना घातला. पक्ष्यांनीसुद्धा जरा विचार केला.

सोमवारी माझा एप्रन दिसेना. शाळेतला निळा, खिशावर पिठाचे न निघणारे डाग असलेला. मी तो क्वचितच धुते. दाराच्या मागे खिळ्यावर असतो, तिथे नव्हता. घरभर शोधला.

"माझा एप्रन बघितलास?"

"नाही," टाउनो म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. तोंड बोलतं, पण कान साथ देत नाहीत.

मंगळवारी तो गेल्यावर मी दहा मिनिटं थांबले. मग कोट घातला, बर्फावर ढकलायची खुर्चीगाडी काढली आणि एक पाय मारत मारत निघाले. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते की पोस्ट आणायला चाललेय. पोस्टाची पेटी उलट्या दिशेला आहे.

अंगणात गाडी उभी केली. दार वाजवायचंच मनात होतं, शपथेवर सांगते. पण पाय खिडकीकडे वळले. भिंतीलगतचा बर्फ भुसभुशीत होता, मी गुडघ्यापर्यंत आत गेले. काचेला हात लावून आत पाहिलं.

टाउनो खुर्चीवर बसला होता. डोळे मिटलेले. हेल्वी त्याच्यासमोर वाकून उभी होती, आणि तिचा अर्धवट मिटलेला हात त्याच्या नाकाशी होता. तो श्वास आत ओढत होता, हळूहळू, जसा पूर्वी उंबऱ्यावर उभा राहून ओढायचा. तिने काहीतरी विचारलं. त्याने डोळे न उघडता मान हलवली. तिने दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर माझा एप्रन होता.

माझं अंग तापलं, बर्फात उभी असून. बाई नवऱ्याला हात लावते ते एकवेळ समजू शकते, पण माझा एप्रन हिच्या स्वयंपाकघरात? म्हणजे ही माझा एप्रन घालून ह्याला कॉफी करून देते की काय? मी पाय उपसायला गेले, तोल गेला आणि कोपर खिडकीच्या पत्र्यावर आपटलं.

हेल्वीने दार उघडलं. ओठांना लाली होतीच.

"आत ये, राइली. बर्फात मोजे भिजतील," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून, "काळे घातलेस ना?"

मी बूट काढले नाहीत. परक्या घरात बूट घालून शिरले, आयुष्यात पहिल्यांदा. टाउनो खुर्चीतून अर्धवट उठून तसाच राहिला होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, थेट मोरीपाशी गेले, फळीवरचा पेला घेतला, गरम पाण्याचा नळ सोडला, वाफ येईपर्यंत वाहू दिला आणि पेला भरला.

"राइली," टाउनो म्हणाला.

"गप्प बस."

पेला घेऊन मी बाहेर उंबऱ्यावर गेले. नवऱ्याच्याच पद्धतीने नाक लावलं. एकदा, दोनदा. पाण्याला कसलाही वास नव्हता.

परत आत आले आणि पेला टेबलावर आपटला.

"ह्या नळाला वास नाही."

"नाही," हेल्वी म्हणाली. "फेब्रुवारीतच गेला. टाउनोने टाकीतली कांडी बदलली, त्याच दिवशी."

"मग हा इथे काय करतो?"

टाउनो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "वास घेतो."

"कसला?"

"म्हणजे, घेत नाही. यावा म्हणून बघतो."

तेव्हा मला टेबलावरच्या बरण्या दिसल्या. मुरंब्याच्या चार लहान बरण्या. एकीत कॉफी, एकीत लिंबाची साल, एकीत होडीला लावायचं डांबर. चौथीतले भरडलेले दाणे मी लांबूनही ओळखले असते. वेलदोडा.

"ताप आला होता ना मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात," तो म्हणाला. "ताप गेला. वास आला नाही परत. कसलाच."

"दोन वर्षं?"

"होत आली."

"पहिल्या दिवशी इथे एवढी घाण सुटली होती की मी खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या," हेल्वी सांगू लागली. "ह्याने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, पाणी ठीक आहे. मी म्हटलं, टाउनो, तुला वास येत नाही. इतकंच म्हटलं. तर हा माणूस ह्याच खुर्चीवर बसून..."

"पुरे, हेल्वी," टाउनो म्हणाला.

"बरं. चाळीस वर्षं इस्पितळात काढली मी. नसा दुखावल्या की असं होतं. असे नेमाने ठरावीक वास हुंगत राहिलं तर कधी कधी परत येतो. कधी नाही येत. घरी करायचं तर तुझ्यासमोर करावं लागलं असतं, म्हणून इथे."

मी तिचं ऐकत होते आणि टाउनोकडे बघत होते. हा माणूस मला हिच्या मिठीत सापडला असता तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. रस्ताभर मी तेच ठरवत आले होते, शब्दसुद्धा तयार होते. पण ह्याला काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"हिला सांगितलंस," मी म्हणाले. "मला नाही."

"हिला सांगितलं नाही. हिला कळलं."

हे त्याने माझी समजूत काढायला म्हटलं असेल. पण ते मला जितकं लागलं तितका इस्त्रीचा शर्टही लागला नव्हता. हिला पहिल्या दिवशी कळलं. मी दोन वर्षं त्याच्यासमोर बसून जेवत होते, त्याने नासकं दूध प्यायलं तेव्हा हसले होते, तो कुणाकडे नळ बघायला जात नाही म्हणून आळशी म्हटलं होतं, पावातला वेलदोडा काढून घेऊन त्याची परीक्षा घेतली होती. आणि मला कळलं नाही. हेल्वीच्या दाट केसांचा आणि ताठ पाठीचा मत्सर त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. त्या एका दिवसाचा मत्सर आला, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

"माझा पुल्ला कसा लागतो तुला?" मी विचारलं.

"ओल्या कापसासारखा."

"दर वेळी झकास म्हणायचास."

"झकासच असणार ना. तू केलेला."

"आणि हा एप्रन?"

टाउनोचे कान पुन्हा लाल झाले. हेल्वीने बरण्यांची झाकणं लावायला घेतली आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "माझ्याकडे चारच होत्या. तो म्हणाला, पाचवा वास मी घेऊन येतो."

"येतो का?" मी टाउनोला विचारलं.

त्याने मान हलवली. "मगाशी एकदा वाटलं, आला. पण मनाचेच खेळ असतील."

मी खुर्चीच्या पाठीवरचा एप्रन उचलला आणि तिथेच कोटावरून घातला, मागे गाठ मारली. का ते मलाही सांगता येणार नाही. तशीच गाडी ढकलत घरी आले. टाउनो पेटी घेऊन दहा पावलं मागून येत होता. रस्त्यात पोस्टमन भेटला, माझ्या एप्रनकडे बघून काही बोलणार होता, पण माझा चेहरा बघून पुढे गेला.

बुधवारी आम्ही बोललो ते कॉफी, सरपण आणि हवा, एवढंच.

गुरुवारी सकाळी मी वाटाण्याचं सूप चुलीवर चढवलं. गुरुवारी वाटाण्याचं सूप, हे देशात सगळीकडे तसं आमच्याकडेही. मग मी पेटी आणून टाउनोच्या पायांशी ठेवली.

"आज आपला नळ."

त्याने पेपर खाली ठेवला. "म्हणजे खरंच वास आहे?"

"पानगळीपासून."

"तू सांगत होतीस."

"चार वेळा."

न्हाणीघराशेजारच्या कपाटात टाकी आहे. त्याने वीज बंद केली, पाणी काढलं, आणि गुडघे टेकून वरचा नट सोडवू लागला. हात अजून तसेच आहेत, कुठे काय आहे ते त्यांना न बघता कळतं. आतून कांडी काढली. टाकी आतून गंजू नये म्हणून अशी एक धातूची कांडी बसवतात. टाकीच्या वाटणीचा गंज ती स्वतःवर घेते आणि झिजत जाते. कारागीर तिला बळीची कांडी म्हणतात. आमची करंगळीएवढी उरली होती, काळी, खड्ड्याखड्ड्यांची. कधी कधी ह्या कांडीचं आणि विहिरीच्या पाण्याचं जमत नाही, मग सडक्या अंड्यांचा वास सुटतो. दुसऱ्या धातूची बसवली की जातो.

टाउनोने पेटीच्या तळातून कागदात गुंडाळलेली नवी कांडी काढली.

"ही कधी आणलीस?"

"फेब्रुवारीत. दोन आणल्या होत्या."

"आणि एक तिच्याकडे बसवलीस. आपली दीड महिना पेटीत!"

तो थोडा वेळ कांडीवरचा कागद सोडवत राहिला.

"बसवली असती," तो म्हणाला, "तर वास गेला का ते तुला विचारावं लागलं असतं."

मी स्टुलावर बसले. चुलीवर सूप रटरटत होतं.

"विचारायचं होतंस की," मी म्हणाले. "एवढं नाक घरात असताना. काखेत कळसा आणि गावाला वळसा घातलास तू, टाउनो. बर्फातून."

"अख्खं गाव मला नाकवाला म्हणतं, राइली. तू तर माझ्याशी त्याच नाकावर लग्न केलंस."

"मी तुझ्याशी लग्न केलं कारण सहाव्या शनिवारी तू मला विचारलंस."

त्याने वर बघितलं. त्याला शनिवारांची गोष्ट आठवत होती की नाही, कोण जाणे. पुरुषांना असल्या गोष्टी आठवत नाहीत.

"मी दुसऱ्याच शनिवारी विचारणार होतो," तो म्हणाला. "तू सारखी त्या सुताराच्या मुलाबरोबर असायचीस."

हे खरं की आत्ता सुचलेलं, हे बघायला मी त्याचे कान पाहिले. पण तो कपाटात डोकं घालून बसला होता.

नवी कांडी बसली. टाकी भरली, कडकडीत तापवली, रिकामी केली, पुन्हा भरून तापवली. त्यात दुपार झाली. आम्ही मोहरी घालून सूप प्यायलो. त्याने दोन वाट्या घेतल्या आणि कसं झालंय ते म्हटलं नाही. मी विचारलंही नाही.

मग तो टाकीसमोरच्या स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, "जा. बघ आता."

मी गरम पाण्याचा नळ सोडला, वाफ येईपर्यंत थांबले, पेला भरला. घरभर वाटाण्याचा वास होता, म्हणून ओसरी ओलांडून पार बाहेरच्या पायरीवर गेले. पागोळ्या टपटपत होत्या. तळ्यापलीकडे पिवळ्या घराच्या धुराड्यातून सरळ धूर वर चालला होता. पेला जरा निवू दिला आणि नाक लावलं.

काहीच नव्हतं. स्वच्छ, नुसतं पाणी. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मी तशीच उभी राहिले. उद्या शुक्रवार. तो केसांवरून कंगवा फिरवेल, पेटी घेईल आणि पिवळ्या घरी जाऊन बरण्यांसमोर बसेल. जायलाच हवं. हेल्वी चांगली बाई आहे, हे मला कळतं. सगळं कळतं.

"गेला का?" आतून टाउनोने विचारलं.

मी पेला घेऊन आत गेले. तो स्टुलावर बसला होता, हातात झिजलेली जुनी कांडी, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. पूर्वी लोक त्याच्या तोंडाकडे असे बघायचे.

"थोडा आहे अजून," मी म्हणाले.

चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस. नवी कांडी, दोनदा कडकडीत तापवलेली टाकी. ह्यानंतर पाण्यात काही उरत नाही, हे त्याला कळायला नाकाची गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक माझ्या कानांकडे.

"असेल," तो सावकाश म्हणाला. "उद्या परत बघावं लागेल."

"उद्या शुक्रवार आहे."

"ठाऊक आहे मला. बरण्या काय, आपल्याकडेही आहेत."

मी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, त्याच्यासमोरच. मग एप्रन काढला आणि दारामागच्या खिळ्यावर न टांगता त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने हत्यारं पुसून पेटीत ठेवली, पण पेटी बंद केली नाही. टाकीशेजारी तशीच उघडी ठेवली.